फासा पडला आणि खेळ अडला: स्किल चेकची दुरुस्ती

हे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) सारख्या, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळाबद्दल आहे. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, डीएम (डंजन मास्टर) कथा आणि बाकीचं जग सांभाळतो, आणि पात्राला एखादं काम जमतं का हे फासा टाकून (रोल करून) ठरवायचं, तो स्किल चेक.

आधी लक्षणं. यातली दोन जरी तुमच्या टेबलावर दिसत असली, तरी पुढचं वाचा.

दार बंद आहे. टोळीतला रोग (इंग्रजी rogue, चोर-भामट्याचं पात्र) कुलपाशी गुडघे टेकून बसतो, वीसपैलू फासा टाकतो, ४ पडतात. "नाही उघडलं," तुम्ही म्हणता. मग कुणालाच काही सुचत नाही. "परत करू?" "कर." ६. "परत?" तिसऱ्या वेळेला उघडतं, पण दारामागे काय आहे यातला रस तोवर संपलेला असतो.

एकाने पर्सेप्शन (काय नजरेला पडतं याचा चेक) टाकलं, ३ पडले, तुम्ही "काही दिसत नाही" म्हणालात. लगेच उरलेले तिघं फासे उचलतात: "मी पण बघतो."

चोरपावलांनी किल्ल्यात शिरायचा बेत अर्धा तास रंगतो आणि चिलखतवाल्या फायटरच्या पहिल्याच रोलला पाण्यात जातो. दर वेळी. शेवटी टोळी बेत आखणंच सोडते आणि दारं फोडत सुटते.

खुनाचा तपास एका खणातल्या पत्रावर येऊन ठेपतो, इन्व्हेस्टिगेशनला (शोधाशोधीच्या चेकला) ७ पडतात, आणि तुम्ही घसा खाकरून म्हणता, "बरं... तरी पण सापडतं."

खेळाडू वाक्यं बोलायची बंद करतात. "मी पर्सुएशन करते." पर्सुएशन म्हणजे समजावून पटवणं, पण कुणाला, काय सांगून, कशाच्या जोरावर, काही नाही.

आणि सेशननंतर चहा घेताना कुणीतरी म्हणतं, "आज फासेच वाईट होते यार."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की मला कळतं, बिघाड कुठला आहे. पुण्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर गेली नऊ वर्षं रविवारी खेळ होतो, आणि ओळखीतला एखादा नवा डीएम "जरा येऊन बघशील का, काहीतरी बिनसतंय" म्हणाला की मी जाते. बहुतेक वेळा तेच निघतं. फासा टाकायला सांगितला तिथेच चुकलेलं असतं. दान पडायच्या आधीच खेळ अडलेला असतो, फक्त दान पडल्यावर तो दिसतो.

खालचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या डी अँड डीचे, २०१४च्या पुस्तकांप्रमाणे. आमच्याकडे तीच चालतात. तुम्ही दुसरं काही खेळत असाल तर आकडे बदला, तपासण्यांचा क्रम तोच ठेवा.

पाच मिनिटांचं काम: फासा आणि कागद

फाशावर आळ आहेच, तर तो आधी मिटवून टाकू. समोरासमोरच्या दोन पैलूंची बेरीज २१ येते का बघा. दाट मिठाच्या पाण्यात फासा तरंगवून टिचकी मारायची युक्तीही आहे. दर वेळी एकच बाजू वर येत असेल तर आतून तो एकसारखा नाही. शंभर वेळा टाकून मोजणारेही भेटतात. शंभरात प्रत्येक आकडा सरासरी पाचदा यायला हवा, पण एखादा दोनदा आणि एखादा नऊदा आला तरी त्यात काही वावगं नाही, म्हणून या मोजणीतून फारसं निघत नाही. मी एकच करते: ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो फासा त्या दिवसापुरता बदलते. तक्रार तशीच राहते.

मग कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे सगळे आकडे लिहिलेला कागद. हे खरंच तपासा, कारण इथे चुका सापडतात. पहिल्या ते चौथ्या लेव्हलला प्रोफिशिएन्सी बोनस (पात्राला येणाऱ्या स्किलला मिळणारा जादा आकडा) २ असतो, पाचव्याला ३ होतो. लेव्हल वाढली आणि स्किलसमोरचा आकडा जुनाच राहिला, हे मी कितीतरी शीटांवर पाहिलंय. उलटही होतं: एक्सपर्टीज म्हणजे तो बोनस दुप्पट, आणि कुणीतरी त्यात डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) आकडाही दुप्पट करून बसलेला असतो. दोन-तीन गुणांचा फरक वीसपैलू फाशावर दहा-पंधरा टक्क्यांचा असतो.

याच वेळी २० आणि १ चा वादही मिटवा. फाशावर नुसते २० पडले की आपोआप यश, हा नियम हल्ल्याच्या रोलला आहे. स्किल चेकला नाही. "महाराज, सिंहासन मला द्या" म्हणून २० पडले, तर फार तर राजा हसेल आणि शिरच्छेदाऐवजी हद्दपारी देईल. पण मुळात जे होणारच नाही त्याला फासा टाकायला सांगणं ही डीएमची चूक. खेळाडूने फासा टाकला म्हणजे तुम्ही "होऊ शकतं" असं कबूल केलंत.

एका प्रश्नाची तपासणी

यालाही पैसे लागत नाहीत. पण सवय लागायला मला वर्ष गेलं. फासा टाकायला सांगण्याआधी स्वतःला विचारायचं: हा नापास झाला तर काय होईल?

"काहीच होणार नाही" असं उत्तर आलं तर रोल नको. वरच्या कुलपाचंच घ्या. रोगचा मॉडिफायर (फाशावरच्या आकड्यात मिळवायचा पात्राचा आकडा) ७, कुलपाचा डीसी (बेरजेने गाठायचा आकडा) १५. म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त हवेत, ६५ टक्के शक्यता. कितीही वेळा करायला मोकळीक असेल, तर तीन प्रयत्नांत कुलूप उघडण्याची शक्यता जवळजवळ ९६ टक्के होते. मग तुम्ही विचारलेला प्रश्न "उघडेल का" हा राहिलाच नाही. तो "किती कंटाळा आल्यावर उघडेल" असा झाला. अशा वेळी सरळ म्हणा, "दहा मिनिटं लागली, उघडलं," आणि पुढे चला. ही माझी उदारता नाही. डीएमसाठीच्या पुस्तकातच सोय आहे: वेळेची घाई नसेल आणि काम त्या पात्राला जमण्यासारखं असेल, तर नेहमीच्या दहापट वेळ घालवल्यावर ते झालं असं धरावं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत तर 'टेक ट्वेंटी' असा नियमच होता: वीसपट वेळ द्या, २० पडले असं समजा.

उत्तर "पहारेकरी वळणावरून येईल" असं आलं, तर रोल हवा. आणि ते मोठ्याने सांगा. "नापास झालास तर कुलपात हत्यार मोडेल आणि आवाज होईल. टाकायचाय?" इथे टेबलावरची हवा बदलते. कुणीतरी म्हणतं, "थांब, आधी पहाऱ्याची वेळ बघू या." फासा अजून हातातच आहे आणि खेळ सुरू झालेला आहे. एकदा टाकल्यावर मात्र तो निकाल कायम. परिस्थिती बदलली, नवं हत्यार आलं, वेगळा मार्ग सुचला तरच पुन्हा. 'कॉल ऑफ क्थुलू' या अशाच दुसऱ्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत याची छान तजवीज आहे: रोल पुन्हा करायचा तर आता वेगळं काय करतोयस ते खेळाडूने सांगायचं, आणि यावेळी फसला तर जास्त वाईट होणार हे ठरलेलं. ती पद्धत मी बिनदिक्कत उचलली आहे.

क्रियापद ऐका

खेळाडू स्किलचं नाव घेऊन बोलायला लागले की दुखणं अंगात मुरलं समजा. औषध एका शब्दाचं: "कसं?" पण ते खेळाडूला उलटतपासणी वाटू नये. म्हणून मी मराठी क्रियापद मागते, आणि इथे आपली भाषा फार उपयोगी पडते.

"मी त्याला पटवते" म्हटल्यावर टेबलावर हशा होतो तो होऊ द्या. मग विचारा: समजावून पटवतेस, गंडवतेस, की दमात घेतेस? पर्सुएशन, डिसेप्शन, इंटिमिडेशन. ज्याला इंग्रजी तीन नावांमधला फरक तीन सेशन समजावून कळला नव्हता, त्याला या तीन क्रियापदांत एका मिनिटात कळला. तसंच "खोलीत बघतो" आणि "खोली धुंडाळतो" यांचं. बघतो म्हणजे दारात उभं राहून जे नजरेला पडेल ते, पर्सेप्शन. धुंडाळतो म्हणजे खण उपसले, गालिचा उलटला आणि काय कुठे असायला हवं याचा विचार केला, इन्व्हेस्टिगेशन. आणि "पलंगाखाली वाकून बघतो" म्हणाला, आणि वस्तू पलंगाखालीच आहे, तर रोल कशाला? दिसली.

"मी पण बघतो"ची साथ यायची ती नापास रोल सगळ्यांना दिसतो म्हणून. ज्या ठिकाणी खेळाडू काही शोधत नाहीयेत तिथे पॅसिव्ह पर्सेप्शन वापरा: १० अधिक त्यांचा मॉडिफायर, तुमच्या वहीत आधीच लिहिलेला. फासा नाही, संशय नाही.

किती जण, किती वेळा

आता थोडं गणित. चौघांची टोळी धरा, सगळ्यांना लपून जाण्याची शक्यता ६० टक्के. वाईट नाही. पण चौघांनी वेगवेगळा रोल करायचा आणि एक जरी फसला तरी सगळे पकडले जायचे, तर चौघं पास होण्याची शक्यता १३ टक्के. म्हणजे तुम्ही न बोलता "लपून जाता येत नाही" असा नियम केलात, आणि खेळाडू मूर्ख नसतात, त्यांना तो चार सेशनमध्ये कळतो. दारं फोडत सुटण्याचं कारण हे.

पुस्तकात ग्रुप चेक दिलेला आहे: सगळ्यांनी टाका, निम्मे किंवा जास्त पास झाले तर सगळे पास. त्याच चौघांची शक्यता ८२ टक्क्यांवर जाते. फायटर अडखळला, रोगने त्याला बखोटीला धरून सावलीत ओढलं. गोष्टही चांगली होते.

उलट बाजू शोधण्याची. प्रत्येकाला सापडण्याची शक्यता ४० टक्केच ठेवलीत, पण चौघांनाही टाकू दिलंत, तर कुणा एकाला तरी सापडण्याची शक्यता ८७ टक्के. मग कठीण डीसी ठेवण्यात अर्थ काय? एकाने शोधावं, दुसऱ्याने मदत करावी आणि शोधणाऱ्याला अ‍ॅडव्हांटेज मिळावा. दोन फासे टाकायचे, मोठा घ्यायचा.

एकाच माणसाकडून एकाच कामाला तीन रोल मागणं हेही तेच दुखणं. भिंत चढायला एक, गच्चीवर उतरायला एक, खिडकीतून शिरायला एक. ६५ टक्केवाला माणूस हे तिन्ही पार करण्याची शक्यता २७ टक्के. नवे डीएम हे थरार वाढवायला करतात. मी पण करायचे. एकच रोल मागा आणि त्याच्यावर सगळं ठेवा.

डीसीची सवय

पुस्तकातली पायरी अशी: ५ अगदी सोपं, १० सोपं, १५ मध्यम, २० कठीण, २५ फार कठीण, ३० जवळजवळ अशक्य. 'मध्यम' या शब्दाने घात केलाय. पहिल्या लेव्हलचा त्या कामातला तरबेज माणूस, मॉडिफायर ५, डीसी १५ला ५५ टक्के वेळाच यशस्वी होतो. म्हणजे निम्म्याच्या आसपास वेळा तो आपल्याच हातखंडा कामात फसतो. ज्याचा मॉडिफायर शून्य आहे तो ३० टक्के. मी पहिली दोन वर्षं काहीही विचारलं की "पंधरा" म्हणायचे, आणि माझ्या टेबलावरचे शूर वीर दोरीवरही चढू शकायचे नाहीत.

आता मी १०पासून सुरू करते. तरबेज माणसाला ८० टक्के, नवख्याला ५५. १५ तेव्हाच, जेव्हा नवख्याने हात घालू नये असं वाटतं. २० म्हणजे तरबेजालाही ३० टक्के. हे तीन आकडे पुरतात; डीएमचं पुस्तकही म्हणतं की १०, १५ आणि २० एवढेच वापरलेत तरी खेळ नीट चालेल.

टोळीची लेव्हल वाढली म्हणून त्याच गावातल्या त्याच भिंतीचा डीसी वाढवू नका. पहिल्या लेव्हलला १५ असलेली भिंत नवव्यालाही १५च. नाहीतर खेळाडूने कमावलेलं तुम्ही मागच्या दाराने काढून घेतलंत.

इथपर्यंतच्या दुरुस्त्या टेबलावर बसल्या बसल्या होतात. पुढच्यांना घरी वही उघडावी लागते.

एका खिळ्याला टांगलेली कथा

एका व्यापाऱ्याचा खून, आणि खुन्याचं नाव त्याच्या खतावणीत. ती खतावणी मी भिंतीतल्या खोट्या फळीमागे लपवली होती आणि स्वतःवर इतकी खूश होते की डीसी १८ ठेवला. कुणालाच सापडली नाही. चाळीस मिनिटं टोळी त्या घरात फिरत होती. उशा फाडल्या, मांजराची जबानी घेतली. शेवटी मी एक नावाडी आणला, जो अचानक दार ठोठावून म्हणाला की व्यापाऱ्याने खतावणीची नक्कल माझ्याकडे ठेवली होती. सगळ्यांना कळलं. आजही आमच्याकडे डीएमने कथा ढकलली की कुणीतरी म्हणतं, "नावाडी आला वाटतं."

चूक डीसीची नव्हती. १२ ठेवला असता तरी कधीतरी हेच झालं असतं. ज्याच्याशिवाय कथा पुढे जातच नाही, ती गोष्ट एका रोलमागे ठेवली होती. रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' या तपासकथांच्या पद्धतीत हा प्रश्नच मोडीत काढला आहे: योग्य स्किल असलेलं पात्र योग्य जागी शोधायला लागलं की मुख्य धागा मिळतोच, फासा नाही. डी अँड डीत मी त्याचा एवढाच भाग घेते. खतावणी सापडते. रोल होतो तो किती लवकर, किती गाजावाजा न करता, आणि सोबत काय जास्तीचं कळलं यासाठी. आणि प्रत्येक निष्कर्षाकडे निदान तीन वाटा: खतावणी, कारकुनाचं खोटं बोलणं, धक्क्यावरची पावती. तयारीला संध्याकाळ जाते. नावाड्यापेक्षा स्वस्त.

"नाही जमलं" याखेरीज

हे सगळ्यात अवघड, कारण सेशन चालू असताना सुचावं लागतं. नापास रोलने परिस्थिती बदलली पाहिजे, थांबायला नको. डीएमच्या पुस्तकात पर्यायी नियम आहे: एक किंवा दोन गुणांनी हुकलं तर काम होतं, पण किंमत मोजून. १३ हवे होते आणि १२ पडले? पलीकडच्या गच्चीवर पोचलास, धनुष्य खाली रस्त्यात.

याची सवय लागायची तर एक-दोन सेशन वेगळा खेळ खेळून या. २०१०च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये दोन सहापैलू फासे टाकतात: १० किंवा वर गेलं तर झालं, ७ ते ९ ला झालं पण काहीतरी बिघडलं, ६ किंवा खाली तर डीएम घाव घालतो. ३६ शक्यतांपैकी १५ मधल्या खान्यात येतात, म्हणून "झालं, पण..." म्हणायचा हात आपोआप बसतो. मी तिथूनच शिकले. परत डी अँड डीकडे आल्यावर "नाही उघडलं" हे वाक्य तोंडातून निघेना.

सेशनच्या आधी वहीत पाच-सहा बिघाड लिहून ठेवा: वेळ गेला, आवाज झाला, वस्तू मोडली, कुणीतरी पाहिलं, उपकार अंगावर आला. अडलात की त्यातलं एक उचला.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

हे सगळं दोन-तीन सेशन प्रामाणिकपणे केलं आणि तरी खेळ अडतोय, तर नियम बदलत बसू नका. विशेषतः स्वतःचे घरगुती नियम घालू नका. घातले असतील तर सगळे काढा आणि छापलेल्या नियमांवर या. मग अनुभवी डीएमला एक सेशन नुसतं बाजूला बसायला बोलवा. खेळायला नको, बघायला. तुम्ही किती वेळा फासा मागता हे तुम्हाला स्वतःला मोजता येत नाही. मी गेले की कागदावर फक्त रेघा मारते: एक रोल, एक रेघ, आणि त्या रोलने काही बदललं असेल तर तिच्यावर फुली. तीन तासांनी तो कागद डीएमला देते. बहुतेकांना त्यावर बोलायची गरजही पडत नाही.

भांडण फाशाचं नसून दोन माणसांचं असेल, तर एकही स्किल चेक ते सोडवणार नाही. एक खेळाडू दर वेळी दुसरीच्या पात्रावर पर्सुएशन टाकून तिला काय करायचं ते ठरवतोय? खेळ थांबवा. खेळाडूच्या पात्राने काय ठरवायचं ते तिनेच ठरवायचं, तिथे फासा नाही, एवढं सगळ्यांसमोर सांगा. पुढचं बोलणं खेळाबाहेर, त्या दोघांशी वेगवेगळं.

आणि एक प्रसंग असा, जिथे डीएमने काहीच दुरुस्त करायला जाऊ नये. दमात घ्यायचा किंवा छळाचा प्रसंग चालू असताना समोरचा माणूस, पात्र नव्हे, खरंच कोसळला: रडू थांबेना, हात थरथरताहेत, जुनं काहीतरी वर आलं. तुम्ही समुपदेशक नाही आणि टेबल म्हणजे उपचार नव्हे. प्रसंग खेळून "सुखान्त" करायचा मोह होतो, तो टाळा. त्या माणसाच्या ओळखीतले मानसोपचारतज्ज्ञ असतील तर त्यांच्याशी बोलायला मदत करा. नसतील तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मिळते. त्या दिवशी फासे पिशवीत भरा, बाकीच्यांना रिक्षा बघायला सांगा, आणि त्याला कुणीतरी घरापर्यंत सोडून या.